पोल घेतलात, पण त्यानंतर काय केलंत?

एका शिक्षकांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पदव्युत्तर वर्गाला संख्याशास्त्र ऑनलाइन शिकवतो. नव्वद विद्यार्थी, आठवड्याला दोन थेट तास, बाकीचं रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर. सगळ्यांचे कॅमेरे बंद, प्रश्न विचारला की शांतता. पोल, क्विझ, वर्ड क्लाउड (सगळ्यांनी लिहिलेल्या शब्दांचं चित्र), ब्रेकआउट रूम (ऑनलाइन तासातल्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या), सगळं करून पाहिलं. पहिले दोन-तीन आठवडे गंमत वाटली, आता पोललाही निम्मेच उत्तर देतात. संस्था नवं इंटरॅक्टिव्ह सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात आहे आणि माझं मत विचारलंय. कोणतं घ्यावं?

सॉफ्टवेअरवर शेवटी येतो. आधी मला एक सांगा. गेल्या तासाला तुम्ही जो पोल घेतलात, त्याचा निकाल अगदी उलटा आला असता, तर पुढची दहा मिनिटं तुम्ही वेगळं काही शिकवलं असतं का?

हा प्रश्न मी बऱ्याच सहकाऱ्यांना विचारतो आणि बहुतेक जण थोडं थांबून "नाही" म्हणतात. पोल येतो, रंगीत पट्ट्या वर सरकतात, आपण "छान, बहुतेकांचं बरोबर आहे" म्हणतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो. ती स्लाइड आदल्या रात्रीच तयार झालेली असते. विद्यार्थी हे आपल्याआधी ओळखतात. आपण उत्तर दिलं काय, न दिलं काय, गाडी त्याच रुळांवरून त्याच वेगाने जाणार, हे दोन आठवड्यांत त्यांच्या लक्षात येतं आणि मग ते बटण दाबायचं सोडतात. आपण त्याला आळस म्हणतो. त्यांच्या बाजूने बघाल तर तो साधा हिशेब आहे.

मीही सुरुवातीची तीन-चार वर्षं असंच शिकवलं. एकदा पोल सुरू केला, तीस सेकंद थांबलो आणि सवयीने म्हणालो, "छान, बहुतेकांना जमलंय." चॅटमध्ये एका मुलीने लिहिलं, "सर, पोल अजून सुरूच झालेला नाही." मी सुरू करायचं बटण दाबायलाच विसरलो होतो. त्या एका ओळीने मला जे शिकवलं, ते कुठल्या कार्यशाळेत शिकलो नव्हतो.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९०च्या दशकात 'पीअर इन्स्ट्रक्शन' नावाची पद्धत वापरू लागले. तिचा गाभा असा: संकल्पनेवरचा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. लोक एवढंच लक्षात ठेवतात. महत्त्वाचं आहे ते पहिल्या मतदानानंतर काय करायचं हे. तीस टक्क्यांपेक्षा कमी जणांचं बरोबर आलं, तर चर्चेत अर्थ नाही, संकल्पना पुन्हा समजावा. सत्तर टक्क्यांच्या वर आलं, तर थोडक्यात खुलासा करून पुढे चला. मधे कुठेतरी आलं, तरच चर्चा. म्हणजे तासाला तीन फाटे आहेत आणि कुठल्या फाट्याने जायचं ते वर्ग ठरवतो. तुमच्या पोलला असे फाटे आहेत का, एवढंच मी विचारत होतो.

आता टूलबद्दलची गंमत. या पद्धतीसाठी वर्गात क्लिकर नावाचं छोटं रिमोट वापरत. नॅथॅनिएल लॅसरी यांनी काही वर्गांत क्लिकर आणि काही वर्गांत साधी पुठ्ठ्याची कार्डं देऊन तुलना केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडला: संकल्पना किती समजल्या, यात दोन्हींत फरक आढळला नाही. शिक्षकाच्या हाती आकडे सोप्या रीतीने येतात हा क्लिकरचा फायदा खरा. पण शिकणं झालं ते प्रश्नामुळे आणि चर्चेमुळे.

"चर्चेत काय, हुशार मुलगा सांगतो आणि बाकीचे त्याचं उत्तर उचलतात," असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. कोलोराडो विद्यापीठातल्या मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या वर्गात हेच तपासलं. चर्चेनंतर त्यांनी त्याच संकल्पनेवरचा पण वेगळा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, मुलं त्या नव्या प्रश्नातही सुधारली होती, आणि गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं अशा ठिकाणीही सुधारणा दिसत होती. नुसतं उत्तर उचललं असतं तर हे झालं नसतं.

तुमचा विषय संख्याशास्त्र आहे, तर ऑनलाइन तासात मी असा एक प्रश्न कसा चालवतो ते सांगतो. प्रश्न हा: विद्यार्थ्यांच्या एका नमुन्यावरून रोजच्या अभ्यासाच्या सरासरी वेळेचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेला खऱ्या सरासरीचा अंदाजी पल्ला) ४.२ ते ५.८ तास आला. याचा अर्थ काय? पर्याय चार. पहिला, ९५ टक्के विद्यार्थी ४.२ ते ५.८ तास अभ्यास करतात. दुसरा, खरी सरासरी या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. तिसरा, पुन्हा पुन्हा नमुने घेऊन याच पद्धतीने इंटरव्हल काढत राहिलो, तर त्यातले सुमारे ९५ टक्के इंटरव्हल खऱ्या सरासरीला पकडतील. चौथा, पुढच्या नमुन्याची सरासरी या दोन आकड्यांमध्ये येण्याची शक्यता ९५ टक्के आहे. नेहमीच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येनुसार तिसरा बरोबर. पण दुसरा इतका गोड दिसतो की चांगली चांगली मुलं त्याच्याकडे जातात, शिकवणारेही जातात. चुकीचे पर्याय मी डोक्यातून काढत नाही. जुन्या उत्तरपत्रिकांमध्ये मुलांनी खरोखर जे लिहिलेलं असतं ते उचलतो. कोणीच न निवडणारा पर्याय ठेवणं म्हणजे जागा वाया घालवणं.

पहिली पायरी शांततेची. दीड मिनिट. मी माइक म्यूट करतो, नाहीतर मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधलं संभाषण मोजलं तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होऊ लागतात. हे समोरासमोरच्या वर्गाचं. ऑनलाइन तासात आवाज पोहोचायला वेळ लागतो, माइक उघडायचा की टाइप करायचं हे ठरवायला वेळ लागतो, "दुसरं कोणी बोलतंय का" हे बघायला वेळ लागतो. तुम्हाला जी मख्ख शांतता वाटते ती बऱ्याचदा विचारातली असते आणि आपण पाचव्या सेकंदाला उत्तर सांगून ती मोडतो. स्टॉपवॉच लावून बघा. मला स्वतःचा आकडा बघून लाज वाटली होती.

दुसरी पायरी, पोल. पण पट्ट्या दाखवायच्या नाहीत. सगळ्यात लांब पट्टी दिसली की चर्चा तिथेच संपते, कारण बहुमताचं तेच बरोबर असं मुलं धरून चालतात. आकडे फक्त तुम्ही बघा.

तिसरी पायरी मला सर्वांत आवडते. सगळ्यांना सांगायचं: चॅटमध्ये एका ओळीत तुमचं कारण टाइप करा, पण मी म्हणेपर्यंत एंटर दाबू नका. मिनिटभराने "आता" म्हणायचं. नव्वद ओळी एकदम खाली कोसळतात. कोणीही पहिला नसतो, त्यामुळे भीती नसते. कोणाचं बघून लिहिलेलं नसतं, त्यामुळे विचार स्वतःचे असतात. मी त्यातल्या तीन-चार वाचतो, नाव न घेता, एखादी चुकीची पण मन लावून लिहिलेली आवर्जून. "एकाने लिहिलंय की सरासरी तर एकच असते, ती एकतर आत आहे नाहीतर बाहेर, मग शक्यता कशाची?" असं एखादं वाक्य निघालं की पुढचा तास आपोआप उभा राहतो. ते वाक्य माझ्या स्लाइडवर कधीच नसतं.

मग ब्रेकआउट रूम, पण त्या शेवटी, आणि तिघा-तिघांच्या. चौघांत एकाला लपता येतं, सहांत चौघांना. आत जाताना एकच काम द्यायचं, "चर्चा करा" हे काम नव्हे. "तुमच्या तिघांना न पटलेला एक पर्याय निवडा आणि तो का चुकीचा आहे हे दहा शब्दांत सामायिक शीटवर तुमच्या गटाच्या ओळीत लिहा." चार मिनिटं. शीट माझ्यासमोर उघडी असते, कोणता गट अडकलाय ते दिसतं, आणि मी फक्त त्याच खोलीत डोकावतो. शेवटी दुसरा पोल, आता दोन्ही निकाल शेजारी शेजारी दाखवायचे. हा सगळा प्रकार पंधरा ते अठरा मिनिटं घेतो. तासाला असा एकच, फार तर दोन. "मग सिलॅबस कसा पूर्ण होणार?" या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओंमध्ये आहे, तिकडे वळतो.

२०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या चार कोर्समधली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला, तरी लोक सर्वसाधारणपणे सहा मिनिटांच्या आसपासच टिकतात. तेव्हापासून "व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा" असा दंडक झालाय. तो अर्धवट आहे. त्या अभ्यासात लोक किती वेळ बघतात हे मोजलं होतं, किती शिकले हे मोजलं नव्हतं. पंचवीस मिनिटांच्या व्हिडिओचे चार तुकडे केले आणि मधे काहीच ठेवलं नाही, तर तो चार तुकड्यांतला तोच व्हिडिओ.

तुकड्यांच्या मधे काय ठेवायचं, याचा माझ्या मते सर्वांत उपयोगी पुरावा तुमच्याच विषयातला आहे. कार्ल स्पुनार, नोव्हॉल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं रेकॉर्डेड व्याख्यान चार भागांत दाखवलं. काहींना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, काहींना नाही. चाचणीवाल्यांचं मन भरकटणं जवळपास निम्म्यावर आलं, त्यांनी नोट्स जास्त काढल्या, आणि शेवटच्या परीक्षेची धास्तीही त्यांना कमी वाटली. यातली शेवटची गोष्ट सहकाऱ्यांना खरी वाटत नाही. त्यांना वाटतं चाचण्यांनी मुलं घाबरतात. गुणांना धरलेल्या चाचणीने घाबरतात, बिनगुणांच्या छोट्या प्रश्नांनी उलट जमीन पायाखाली येते. केन कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्सवरून मांडलं की स्वतः सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध व्हिडिओ बघण्याच्या किंवा वाचण्याच्या जवळपास सहापट होता.

फक्त हे प्रश्न "मी आत्ता काय म्हणालो" या जातीचे नकोत. मी व्हिडिओ अशा जागी थांबवतो जिथे उत्तर अजून सांगितलेलं नाही. "नमुना चौपट केला तर इंटरव्हलची रुंदी किती होईल? अंदाज लिहा, मग पुढे चला." बहुतेक जण एक-चतुर्थांश लिहितात, पुढच्या मिनिटाला कळतं की निम्मी होते, कारण रुंदी नमुन्याच्या आकाराच्या वर्गमूळाने कमी होते. अंदाज चुकला की तो माणूस पुढचं नीट ऐकतो, कारण आता त्याची स्वतःची काहीतरी उधारी आहे. आणि या अंदाजांची यादी मी थेट तासाच्या सुरुवातीला उघडतो. थेट तास तिथून सुरू होतो, पहिल्या स्लाइडपासून नाही.

आता 'इंटरॅक्टिव्ह' या शब्दाबद्दल. विक्रीच्या माहितीपत्रकात त्याचा अर्थ बोट हलतं एवढाच असतो. मिशेलीन ची आणि रूथ वायली यांनी २०१४ मध्ये विद्यार्थी काय करतो यावरून चार पायऱ्या मांडल्या: नुसतं बघणं-ऐकणं, हाताळणं, स्वतःचं काही नवं रचणं, आणि दुसऱ्याबरोबर एकमेकांच्या म्हणण्यावर पुढे रचत जाणं. वर चढत जावं तसं शिकणं वाढतं. बटण दाबणं, चित्र ओढून जागेवर टाकणं, स्लाइड उलटणं हे दुसऱ्या पायरीवरच राहतं, मग अॅनिमेशन कितीही सुंदर असो. आणि कागदावर आकृती काढून शेजाऱ्याला दाखवणं तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जातं. वेगाला गुण देणारे क्विझ-खेळ तर तुमच्या विषयात मी परिभाषेपुरतेच ठेवीन. खालच्या दहांत राहणारा तिसऱ्या खेळानंतर येत नाही, आणि संख्याशास्त्रात घाईने दिलेलं उत्तर आपल्याला नकोच असतं.

डिस्कशन फोरमचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे मी सगळ्यात जास्त चुकलोय. "प्रत्येकाने किमान एक पोस्ट आणि दोन प्रतिसाद" हा नियम सगळीकडे असतो आणि त्याचं फळही सगळीकडे तेच: "तुमच्या मताशी सहमत आहे, छान मुद्दा." नव्वद जणांना एकच प्रश्न विचारला, तर तिसऱ्या पोस्टनंतर बोलण्यासारखं काही उरतच नाही. चौथ्या मुलाची त्या धाग्याला गरज नाही आणि ते त्याला माहीत आहे.

आता मी उलट करतो. माझ्याकडे एक बनवलेली समष्टी (ज्यातून नमुने काढायचे तो सगळा आकड्यांचा साठा) असते, तिची खरी सरासरी फक्त मला ठाऊक. प्रत्येकाला तिच्यातला तीस निरीक्षणांचा वेगळा नमुना मिळतो. काम एवढंच: सरासरी काढा, ९५ टक्के इंटरव्हल काढा, सामायिक शीटमध्ये आपल्या ओळीत दोन टोकं भरा आणि खाली एक वाक्य लिहा, "मला वाटतं खरी सरासरी साधारण इतकी असावी, कारण..." सोमवारी शीट रिकामी असते, गुरुवारपर्यंत ऐंशीच्या पुढे ओळी भरतात. कोणाचा इंटरव्हल इतरांपासून फार लांब दिसला की मुलं एकमेकांचं गणित आपण न सांगता तपासू लागतात, कारण शीट सगळ्यांची आहे.

थेट तासाला मी ते सगळे इंटरव्हल एकाखाली एक आडव्या रेषांनी काढून दाखवतो आणि मग खऱ्या सरासरीची उभी रेघ मारतो. बहुतेक आडव्या रेषा तिला छेदतात. काही छेदत नाहीत, त्या लाल करतो. नव्वदांत चार-पाच अपेक्षित, पण कधी दोन येतात, कधी सात. एका तुकडीत लाल झालेल्या मुलाने लगेच चॅटमध्ये लिहिलं, "माझं कुठे चुकलं?" मी काही बोलायच्या आत दुसऱ्याने लिहिलं, "तुझं काही चुकलं नाही, तुला नमुनाच तसा मिळाला." मग तिसरी म्हणाली, "पण मग आपल्याला खऱ्या आयुष्यात कसं कळणार की आपण लाल आहोत?" त्यावर चॅटमध्ये बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मीही नाही लिहिलं. कळत नाही, हेच उत्तर आहे, आणि पाच ओळींच्या व्याख्येतून ते कधी पोहोचलं नव्हतं.

यात वापरलेलं तंत्रज्ञान म्हणजे एक सामायिक शीट आणि एक आलेख. पण प्रत्येक मुलाची ओळ नसती तर चित्र अपुरं राहिलं असतं. सुरुवातीचा माझा प्रश्न आठवा. इथे त्यांच्या उत्तरांनी तास नुसता बदलत नाही, त्यांच्या उत्तरांशिवाय तासच होत नाही. शिवाय, २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून फोरमवरच्या "तुमचं मत लिहा" या प्रकाराला काही अर्थ राहिलेला नाही. वेगळा नमुना चॅटबॉटला देऊन इंटरव्हल काढून घेता येतो, मान्य. पण तासाला "तुझी रेष लाल का झाली, सांग" याला उत्तर स्वतःलाच द्यावं लागतं.

कॅमेऱ्यांबद्दल थोडंच. सक्ती करू नका. कॉर्नेल विद्यापीठात फ्रँक कॅस्टेली आणि मार्क सारव्हरी यांनी विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद ठेवण्याची कारणं विचारली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वाधिक सांगितलेलं कारण होतं आपण कसे दिसतो याची काळजी. त्याशिवाय मागची खोली दिसणं, घरातली माणसं दिसणं, नेट कमजोर असणं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ-बैठकांचा थकवा का येतो हे मांडलं: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा सारखा दिसत राहणं, जागेवरून हलता न येणं, आणि हावभाव वाचण्या-दाखवण्याचे वाढलेले कष्ट. ब्रेकआउटमध्ये तिघांत मुलं आपण होऊन कॅमेरा लावतात, निदान माझ्याकडे तरी लावतात. मोठ्या खोलीत नव्वद चेहरे दिसले तर आपल्याला बरं वाटतं, त्यांना शिकता येतं असं नाही.

डॅशबोर्डच्या, म्हणजे कोण किती वेळा आलं आणि क्लिक केलं ते दाखवणाऱ्या पडद्याच्या, बाबतीतही हीच चूक होते. सहभागाचे तीन धागे असतात असं जेनिफर फ्रेडरिक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं होतं: वर्तनाचा, भावनेचा आणि बुद्धीचा. एलएमएसला, म्हणजे कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरला, फक्त पहिला दिसतो. माझ्या एका तुकडीत डॅशबोर्डने सर्वांत वर दाखवलेली मुलगी, रोज लॉगिन, शेकडो क्लिक, तिला फोन केला तेव्हा कळलं की ती दुसऱ्या घटकावरच अडकली होती आणि तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा उघडत होती. आणि ज्याला लाल खूण होती, "दोन आठवडे निष्क्रिय", त्याने पहिल्याच दिवशी सगळं डाउनलोड करून ठेवलं होतं, कारण त्याच्याकडे नेट रात्री तासभरच असायचं. तो वर्गात पहिल्या पाचांत आला. डॅशबोर्ड कोणाला फोन करायचा ते सांगतो. त्याच्यावरून गुण देऊ नका, आणि संस्थेला देऊ देऊ नका.

एका धक्क्याची तयारी ठेवा. असं शिकवायला लागलात की सत्राअखेरच्या अभिप्रायात तुमचं रेटिंग कदाचित खाली येईल. लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांत हे मोजलं, २०१९ मध्ये छापलं: सक्रिय पद्धतीने शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि स्वतः झगडलं की काहीच येत नाही असं वाटतं. त्यावर उपाय सोपा आहे. पहिल्याच तासाला मुलांना ही गोष्ट सांगून टाका. आणि विभागप्रमुखांनाही, अभिप्राय येण्याआधी. त्यांना एखादा मोठा आकडा हवा असेल, तर स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा २०१४चा आढावा द्या: विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांचे २२५ अभ्यास, निव्वळ व्याख्यानात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, सक्रिय पद्धतींत २१.८. मात्र ते वर्ग प्रामुख्याने समोरासमोरचे होते हेही सांगा, नंतर कोणी काढून दाखवण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

आता सॉफ्टवेअर. माझं मत विचाराल तर यंदा काहीच घेऊ नका. मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधला पोल, त्याचंच चॅट, एक सामायिक शीट, आणि तुमचा एलएमएस मूडलसारखा असेल तर व्हिडिओत प्रश्न घालायला एच-फाइव्ह-पी (H5P) हे साधन. वर लिहिलेलं सगळं एवढ्यात होतं. ते पैसे एका सहायकाच्या तासांवर खर्च करायला सांगा. नव्वद जणांच्या चॅटवर नजर ठेवणं आणि त्याच वेळी बोलणं एका माणसाच्याने होत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. सहायकाने चॅटमधल्या तीन ओळी निवडून तुम्हाला वेगळ्या पाठवल्या, तर कुठल्याही महागड्या टूलपेक्षा तास जास्त हलेल.

तरीही संस्था घेणारच असेल, तर चाचणी तुमच्या लॅपटॉपवर करू नका. जुन्या फोनवर, मोबाइल डेटावर, बॅटरी वाचवायचा मोड लावून करा, कारण काही मुलं तिथून येतात. वेगळं लॉगिन लागत असेल तर नको म्हणा. प्रत्येक नव्या पासवर्डला काही मुलं गळतात. पोलचा निकाल लपवता आला पाहिजे. उत्तर वर्गमित्रांना निनावी आणि तुम्हाला नावासकट दिसलं पाहिजे. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरने प्रश्न वाचता आणि उत्तर देता आलं पाहिजे, हे विक्रेत्याला तोंडी न विचारता समोर करून दाखवायला सांगा. आणि सगळा डेटा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे. गूगलचं जॅमबोर्ड, म्हणजे सामायिक ऑनलाइन फळा, किती जणांच्या रोजच्या वापरात होतं, ते २०२४च्या शेवटी बंद झालं. आपली तीन वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या कपाटात ठेवताना किल्ली आपल्याकडे हवी.

पुढच्या तासाला हे सगळं एकदम करू नका. एक प्रश्न, एका संकल्पनेवरचा, लपवलेला निकाल, एकदम दाबलेलं एंटर, दुसरा पोल. एवढंच. ब्रेकआउट पुढच्या आठवड्यात. आणि पहिल्याच वेळी दुसऱ्या पोलमध्ये बरोबर उत्तरं वाढायच्या ऐवजी कमी झाली, तर घाबरू नका, मलाही तसं झालंय. तो प्रश्न आणि दोन्ही पोलचे आकडे जसेच्या तसे इथे लिहा. बहुतेक वेळा घोटाळा एखाद्या पर्यायाच्या शब्दरचनेत सापडतो.